पदर खोचा आधी

माझ्या अख्ख्या नोकरीत मला मिळालेला सगळ्यात मोठा मान म्हणजे एका म्हातारीनं हातावर मारलेली चापट. हसू नका. ती चापट आठवली की अजून माझी मान ताठ होते.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. बेंबळीहून पायवाटेनं तासभर चाललं की एक गाव लागायचं, तिथं मला नर्स म्हणून पाठवलं. एक खोली, एक कपाट, आणि आठवड्यातून एकदा सायकलवर येणारे डॉक्टर. बाळंतपणाला मात्र मला कुणी बोलवायचं न्हाय. ते काम खालाचं. खाला म्हणजे गावातली मुसलमान सुईण. घर कुणाचंही असो, कळा सुरू झाल्या की तिलाच बोलावणं. अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापलेली, त्यामुळं पाटलालासुद्धा ती खुशाल 'अरे' म्हणायची.

त्या काळी जन्मलेली कितीतरी बाळं आठव्या दिवसाच्या आसपास दूध सोडायची, तोंड मिटून घ्यायची आणि अंग ताठून जायची. गाव म्हणायचं, सटवीनं नेलं. आम्ही शिकून आलो होतो की हा धनुर्वात. नाळ कापायच्या विळ्यातून आणि वर चोपडलेल्या राखेतून तो आत जातो. गावोगावच्या दायांना शिकवा असा वरून हुकूम आला, तशा मी आसपासच्या पाच दाया जमवल्या. प्रत्येकीला ब्लेडचं नवं पातं आणि दोरा दिला. घड्याळ कुणाकडं होतं? म्हणून सांगितलं, पाण्याला उकळी फुटली की सहा भाकरी भाजून होईपर्यंत दोन्ही त्यात राहू द्या. हात साबणानं धुवा. नाळेवर राख न्हाय, काही न्हाय. खाला पुढंच बसून मान डोलवत होती. मला वाटलं, झालं आपलं काम! लई ऐट होती तेव्हा माझी.

गावात एक तरणी सून होती. तिचं पहिलं बाळ असंच आठव्या दिवशी गेलेलं. शिकवणीनंतर दुसरं झालं, खालाच्याच हातून. तेही आठव्या दिवशी गेलं.

माझं डोकं फिरलं. तणतणत खालाच्या दारात जाऊन उभी राहिले. "खाला, खरं सांगा, पातं उकळलं न्हाय ना तुम्ही?"

"अल्लाकसम उकळलं, बाई! तुमी सहा भाकरी म्हणलं, म्या आठ भाजल्या."

"मग करून दाखवा."

तिनं चूल पेटवली. पातं, दोरा पातेल्यात टाकला आणि भाकरी थापायला बसली. खरंच आठ भाजल्या. मग चिमट्यानं पातं बाहेर काढलं आणि दोन्ही बाजूंनी, अगदी मायेनं, पदराला पुसलं.

"अहो, हे काय केलं?"

"ओलं कसं लावायचं लेकराला? पुसाया नगो?"

"पदरानं?"

"मग कशानं? सकाळीच धुतलाय. लेकराचं डोळं पुसतो, नाक पुसतो. मायच्या पदराला कुठं वंगाळ असतं का, बाई?"

चूक कुणाची होती? उकळायचं मी शिकवलं होतं; का उकळायचं आणि उकळल्यावर पुढं काय, हे न्हाय. आता तरी समजावून सांगितलं. डोळ्यांना न दिसणारं विष मातीत, शेणात असतं, ते कपड्यावर बसतं, धुतलेल्या पदरावरसुद्धा. खाला ऐकत राहिली. मग तिचा आवाजच बदलला. "म्हंजे ते लेकरू माझ्या पदरानं गेलं?"

"न्हाय, खाला. माझ्या अर्धवट शिकवणीनं गेलं."

तिनं पदराचं टोक हातात घेऊन उलटसुलट बघितलं. शेवटी तीच बोलली, "मग फडकंबी त्याच पाण्यात उकळायचं. आन् पदर आधी कमरेला खोचायचा. खोचलेला पदर हाताला येत न्हाय." हे मला सुचलं नव्हतं हो, तिला सुचलं! बाकीच्या चौघींकडं ती स्वतः पायी गेली आणि करून दाखवून आली. डॉक्टरांनी ऐकलं आणि 'पदर खोचा' ही शिकवणीची पहिली पायरी करून टाकली. पुढं भूम-परंड्याकडच्या दायांनाही तसंच शिकवलं गेलं. हे मुळात कुणी काढलं, ते कुठल्याच कागदावर न्हाय, म्हणून सांगतेय.

सून तिसऱ्यांदा पोटुशी राहिली. सासू म्हणत होती, खाला आणि मी, दोघींपैकी कुणीच नको. सून म्हणाली, "दोघीबी पाहिजेत."

भर दुपारी बोलावणं आलं. बाळ पायाळू होतं, म्हणून खालानं मला पुढं केलं. मी हात धुतले, तेवढ्यात सुनेनं किंकाळी फोडली आणि बाळाचे पाय दिसले. घाईघाईत माझे ओले हात सवयीनं पदराकडं गेले.

फाट्‌कन चापट बसली. "पदर खोचा आधी! आन् हात पुन्यांदा धुवा."

सासूच्या देखत! मी, शिकलेली नर्स, मुकाट पदर खोचून हात धुतले. पाणी खालानंच ओतलं. पोरगी झाली, रडली. नाळ खालानं कापली, उकळलेल्या पात्यानं.

मग मी रोज जात राहिले. आठव्या दिवशी गेले तर सून पोरीला मांडीवर घेऊन नुसती बसलेली. खाला माझ्याआधीच येऊन समोर बसली होती.

"पाजत का न्हाईस गं?" मी विचारलं.

"तोंड उघडलं न्हाय तर?" ती म्हणाली.

खाला उठली, साबणानं हात धुतले, पुसले न्हाईत, तसेच हवेत धरून वाळवले. मग करंगळी अलगद पोरीच्या ओठांत सारली. आम्ही तिघी श्वास धरून बघत होतो.

"अगं बया! कशी ओढतीया बघ! घे, पाज!"

सून हसता हसता रडायला लागली आणि तिनं पोरीला छातीशी लावलं. माझेही डोळे वाहायला लागले. हात पदराकडं गेला आणि खालाची नजर दिसताच तिथंच थांबला.

"पुसा, बाई," खाला म्हणाली, "आता पुसा पदरानं."