नमुन्याचं पत्र

“कॉपी कुणी दिली?” फोन उचलला की त्यांचा पहिला प्रश्न हाच. नमस्कार-चमत्कार नंतर.

अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये ते एकटे राहायचे. व्हिएतनाममधून बोटीने निसटून आलेले इंजिनियर. कंप्युटरवर व्हिएतनामी लिहिता यावं म्हणून त्यांनी एकेकाळी स्वतः सॉफ्टवेअर बनवलं होतं. आता ते काम कुठलाही फोन करतो. तरी ते जुनं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे, काही अडलं की, त्यांच्या लँडलाइनवर अधूनमधून फोन यायचेच. मधली भिंत इतकी पातळ, की तो व्हिएतनामी प्रश्न ऐकून ऐकून मला पाठ झाला. अर्थ त्यांनीच सांगितला.

खुर्चीत काटे असल्यासारखी बसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे आमच्याकडे चहाला आले की दाराजवळ बसत आणि पलीकडे फोन वाजला की कप तसाच ठेवून धावत सुटत. शेवटी माझी बायको त्यांना अर्धाच कप द्यायला लागली.

बहुतेकांनी ते सॉफ्टवेअर विकत घेतलेलंच नसायचं, कुणाकडून तरी उतरवून घेतलेलं असायचं. हे मात्र खूश! एकदा मी चिडवलं, “अहो, चोरून वापरणाऱ्यांची कसली सेवा करताय? धंद्यात अगदीच कच्चे तुम्ही.”

ते हसले नाहीत. मला घरी नेलं, जुना कंप्युटर सुरू केला आणि सॉफ्टवेअरबरोबर येणारं नमुन्याचं पत्र उघडलं. मग उभ्या उभ्याच इंग्रजीत अर्थ सांगितला. ‘धाकट्या, मी पोहोचलो. हा माझा नंबर. कधीही फोन कर.’

“पहिल्या बोटीत एकाचीच जागा होती,” ते म्हणाले. “मीच धाकट्या भावाला म्हटलं, तू मागच्या बोटीत बस.” ती बोट कुठेच लागल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. “प्रत्येक कॉपीबरोबर हे पत्र जातं. जितक्या कॉप्या, तितकं लांब.”

माझ्या चेष्टेची मला इतकी लाज वाटली, की मी चहाचं निमंत्रण देऊन पळ काढला.

पुढे ते आजारी पडले. हॉस्पिटलमध्येही त्यांची नजर टेबलावरच्या मोबाइलवर. घरचा नंबर त्यांनी त्यावर वळवून घेतला होता. शेवटच्या आठवड्यात तो नंबर त्यांनी माझ्या नावावर करून दिला. “फक्त उचलत जा,” म्हणाले.

त्यांना जाऊन वर्ष होत आलं. काल जेवताना तो नंबर वाजला. बायको म्हणाली, “स्पॅम असणार यार, कट कर ना.” मी खरकट्या हातानेच उचलला. कुणीतरी सोलर पॅनेल विकत होता.

ताटावर परत बसलो. उद्या खरंच एखादा म्हातारा आवाज व्हिएतनामीत बोलला तर? मला त्या भाषेतलं एकच वाक्य येतं. मी विचारीन, “कॉपी कुणी दिली?” आणि तो विचारील, दादा कुठे आहे?