मला न विचारता झालेली सेवापूर्ती
मला नोकरीवरून काढलं, त्या दिवशी हॉस्पिटलने केक आणला होता.

चंद्रपूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन होते. लॅब बंद करून रक्ताचे नमुने रोज गाडीने नागपूरला पाठवायचे, असं मालकांनी ठरवलं. तरुण पोरींना रिसेप्शनवर घेतलं. माझं काय करावं हे कोणाला सुचेना, म्हणून माझा सत्कार केला! बॅनरवर माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘सेवापूर्ती सोहळा’. सेवा पूर्ण कुठे झाली होती? साठीला अजून अवकाश होता. पण शाल अंगावर पडली, हातात नारळ आला, फोटोवाला ‘मॅडम, स्माईल’ म्हणाला. हसावं लागलं. नारळाची आम्ही चटणी केली.

दुसऱ्या दिवसापासून अभिनंदनाचे फोन सुरू. “बरं झालं, सुटली बाई तू. आता आराम कर,” नणंद म्हणाली. आराम म्हणजे तिच्या सुनेचं बाळंतपण, हे लवकरच कळलं. बुद्धविहारातल्या बायकांनी मला महिला मंडळाची अध्यक्ष करून टाकलं. शेजारचे भाऊ बीपी मोजून घ्यायला येऊ लागले, तेही नेमके चहाच्या वेळेला. जो तो माझ्या रिकाम्या वेळावर चटई टाकून बसला.

घरातला वैताग वेगळाच. आमचे हे ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून रीतसर रिटायर झालेले. सत्काराच्या दिवशी कोणी न सांगता उभे राहिले आणि माईकवर म्हणाले, “आता मॅडम माह्यासंगं सकाळी फिराले येईन.” टाळ्या पडल्या.

बरं, मला आराम नकोच होता असंही नाही. गुडघे दुखतात. शीर शोधताना चष्मा वर-खाली करावा लागतो. कितीदा ड्युटीवरून येऊन खाटेवर पडले की वाटायचं, आता पुरे. पण ते मी म्हणायचं होतं ना! कोणीतरी एकदा तरी विचारायचं, की बाई, तुला काय वाटतं?

अशात अहेरीकडच्या एका लहान दवाखान्याच्या डॉक्टरांचा निरोप आला. सिकलसेलच्या आजारासाठी रक्त तपासायला त्यांना अनुभवी माणूस हवं होतं. आठवडाभर तिथेच राहायचं, रविवारी घरी. जेवताना मी हे सांगितलं, तर ह्यांचा घास हातातच राहिला.

“अवं, पण सत्कार झाला ना तुझा!”

“मग?”

“मंग आता कामावर कशी जाशीन? लोकं काय म्हणतीन? शाल घेतली ना तू!”

“घेतली नाई. त्यायनं टाकली.”

“अन् माह्या जेवनाचं?”

आता कसं, ह्यांच्या पोटातलं ओठावर आलं. “कुकर तुम्हाले पाहून पळून नाई जात,” मी म्हटलं.

ते रुसून टीव्हीसमोर जाऊन बसले. मी भांडी उचलली, ओटा पुसला. डोकं इतकं तापलं होतं, की डॉक्टरांना नाही म्हणून मोकळं व्हावं असंच मनात होतं. फोन लावला.

“मॅडम, तुम्ही रिटायर झाल्या ना? ग्रुपवर फोटो पाह्यला मी.”

“नाई सर. मले काढलं.”

इतक्या दिवसांत हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज एकदम बारीक झाला.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, “त्याचं काई नाई. काम तर येतेच तुम्हाले. पण घाई नका करू. अगोदर घरी विचारून घ्या.”

घरी विचारून घ्या! माझ्या नोकरीचं, माझ्या गुडघ्यांचं, माझ्या दुपारींचं सगळ्यांनी एकमेकांत ठरवून टाकलं होतं, मला एकटीला सोडून. फोन कानाशी धरूनच मी ओट्याला टेकले आणि स्वतःला विचारलं. फार वेळ लागला नाही.

“विचारलं,” मी डॉक्टरांना म्हटलं. “सोमवारी येते.”