वन्संची बाटली आणि तिरल्याचं रोशा तेल

देवासहून धारजवळच्या तिरल्याला कुणी हौसेनं जात नाही. मी गेले ती अब्रू वाचवायला.

मी एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दिवाळीनंतर वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की रोशा गवताच्या तेलात जिरेनिऑल असतं, ते जंतूच्या पेशीचं आवरण फोडतं, आतला ऐवज बाहेर गळतो आणि जंतू मरतो. जंतू पसरलेल्या बशीत तेलात भिजवलेली कागदी टिकली ठेवली. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती मोकळं वर्तुळ दिसायला हवं होतं. जंतू थेट टिकलीला बिलगून वाढले होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ये तो तेल पी के मोटे हो गए."

तेल होतं वन्संचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, प्रयोगासाठी मागून आणलेलं. वय सत्तरीचं, आमच्याच गल्लीत एकट्या राहतात. त्यांच्या यजमानांनी निमाडातून आणलेली ती बाटली गुडघ्यापासून सर्दीपर्यंत सगळ्याला चालते. तेलाचा संशय आला, पण वन्संना सांगणार कोण? मी एवढंच म्हटलं, की तिरल्याजवळ हे तेल काढतात, बघून येते. त्या म्हणाल्या मीही येत्ये, आणि बाटली पर्समध्ये घातली.

सकाळी सातला निघालो. इंदूरच्या बायपासनं गेलात तर शहर चुकतं आणि धारपर्यंत अडीच तास पुरतात. वाटेत घाटाबिल्लोदला पोहे-जलेबी खा. वन्सं बाहेरचं खात नाहीत. जलेबी तळलेली, म्हणून चालते, आणि दोनदा चालते. तिरल्यापुढे कच्चा रस्ता लागला. एका बाइकवाल्याला विचारलं, "भिया, तेल की भट्टी?" त्यानं नाकाकडे बोट दाखवलं. "सूंघते चले जाओ."

खरंच तसंच पोचलो. भट्टीचे मालक मांगीलालजी. उंच टाकीत गवत दाबून भरलेलं, खालून वाफ. ती वाफ थंड पाण्यातल्या नळीतून जाते आणि शेवटी पाण्यावर पिवळसर तेल तरंगतं. वास गुलाबाचा, जरासा गवताळ. फुलोऱ्यात कापलेल्या गवताचं तेल सगळ्यात चांगलं, असं ते म्हणाले.

वन्संनी बाटली पुढे केली. मांगीलालजींनी वास घेतला आणि अदबीनं म्हणाले, "माताजी, कागज से पूछ लेते हैं." एका कागदावर भट्टीतल्या तेलाचा थेंब, दुसऱ्यावर बाटलीतला, असे टाकून कागद उन्हात ठेवले. शुद्ध तेल उडून जातं, भेसळीचं डाग सोडतं. तोवर आम्ही हमरस्त्यावरच्या ढाब्यावर दाल-पानिये खाल्ले. पानिये म्हणजे पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले मक्याचे जाड पानगे. भाजलेले, म्हणून वन्संना तेही चालले. इथे आलात तर चुकवू नका, तूप मात्र मागून घ्यावं लागतं.

परतलो तर एक कागद कोरा. दुसऱ्यावर तेलकट, आरपार दिसणारा डाग. मांगीलालजी गवताकडे बघू लागले. वन्संनी बाटली पर्समध्ये ठेवली. मला हवा तो पुरावा मिळाला होता आणि त्यांना सोबत आणल्याचा पश्चात्ताप होत होता.

परतीच्या वाटेवर बेटम्याजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"तेल खोटं नव्हतं गं. ह्यांनी आणलं तेव्हा अस्सल होतं. कमी होताना मला बघवत नाही. मग थोडं तिळाचं घालत्ये."

"केव्हापासून?"

"हे गेल्यापासून."

म्हणजे बारा वर्षं. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. वर्गातल्या माझ्या फजितीचं त्यांच्या कानावर आलं होतं; ती ह्या तेलानं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. देवासला दारात उतरताना त्या म्हणाल्या, पोरांना मीच येऊन सांगेन.

आणि आल्या. नऊवारीत, पोरांसमोर उभं राहून, अर्ध्या हिंदीत सगळं कबूल केलं. मी नव्यानं दोन टिकल्या लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा तिरल्याच्या तेलाभोवती नाण्याएवढं स्वच्छ वर्तुळ होतं. वन्संच्या टिकलीभोवती जंतूंचं गोकुळ. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नीट पाहिलं.

"बघा," त्या मुलांना म्हणाल्या, "ह्यांच्या तेलानं कुणाचा जीव घेतला नाही."

तुम्ही गेलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. शुद्ध तेल थेट कातडीला लावू नका, आणि बशीतले जंतू मेले म्हणून त्याला औषध समजू नका. बाकी, गाडीचा वास अजून गेलेला नाही. तिरल्याहून मी वन्संसाठीही एक छोटी बाटली आणली होती. ती त्यांनी घेतली, आणि माझ्यादेखत तिच्यातले चार थेंब जुन्या बाटलीत ओतले.