धगोबाची दाढ

दाताच्या डॉक्टरकडे किस्से साठतात, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. पेशंटच्या तोंडात माझे हात असतात तोवर त्याला बोलता येत नाही. हात बाहेर काढले की आत दाबून धरलेलं सगळं तो एका दमात बोलून टाकतो. उल्हासनगरात क्लिनिक टाकून बरीच वर्षं झाली. त्यात मध्येच मी कुमारवयाच्या मुलांसाठी 'डोहातली लवंगी' नावाची पुस्तकमालिका लिहायला घेतली. तेव्हापासून लोक दात दाखवायला येतात की गोष्टी पुरवायला, हेच कळेनासं झालंय.

शाळांमध्ये कार्यक्रमाला बोलावतात, तिथे एक प्रश्न ठरलेला असतो. मॅडम, तुमची प्रेरणा काय? मीही ठरलेलं उत्तर देते. निसर्ग, लोककथा, लहानपणीचं वाचन. एकदा पुस्तकांचे गठ्ठे सांभाळायला माझ्या असिस्टंट शोभाताई बरोबर होत्या. माझं उत्तर ऐकून त्या मागच्या रांगेत तोंडाला ओढणी लावून हसत बसल्या. परत येताना रिक्षात मी विचारलं, हसायला काय झालं.

"निसर्ग कुठे बघितला तुम्ही, मॅडम? आपल्या खिडकीतून लेहेंग्यांचं दुकान दिसतं."

तेव्हा निदान आपल्या माणसांत तरी खरं सांगून टाकते.

* * *

सुरुवात एका जिम ट्रेनरपासून झाली. दंड माझ्या मांडीएवढे, गळ्यात जाड चेन, आणि अक्कलदाढ इतकी किडलेली की काढण्यावाचून इलाज नव्हता. मी भुलीचं इंजेक्शन हातात घेतलं मात्र, त्याला एकदम आठवलं की आईचा फोन येणार आहे. तो खुर्चीतून उठायलाच लागला. शोभाताईंनी त्याचे खांदे दाबले, पण त्या खांद्यांपुढे त्यांचं काय चालणार?

मग मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. त्याच आठवड्यात आम्ही बारवी धरणावर पिकनिकला जाऊन आलो होतो, ते पाणी डोळ्यांपुढे होतं. म्हटलं, त्या पाण्याखाली एक राज्य आहे, आणि तिथे धगोबा नावाचा ड्रॅगन राहतो. त्याची दाढ किडलीय. आग ओकायला गेला की ठणका लागतो, म्हणून त्याने आग ओकणंच सोडलंय. सगळं राज्य त्याला हसतं. शेवटी लवंगी नावाची तेरा वर्षांची पोरगी लवंगाच्या तेलाची बाटली घेऊन खाली उतरते, आणि त्याच्या जिभेवर पाय ठेवते...

एवढ्यात दाढ निघून ट्रेमध्ये पडली होती. त्याला पत्ताच लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकचं शटर उघडायच्या आधीच तो बाहेर उभा. गाल सुजलेला. मला वाटलं रक्त थांबत नसणार. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, दर्द कुछ नहीं है। उस लडकी का क्या हुआ? ड्रॅगनने मुंह बंद तो नहीं किया ना?"

मला तरी कुठे माहीत होतं! त्या दुपारी पहिलं प्रकरण लिहायला बसले.

* * *

खिडकीतून दिसणारं ते लेहेंग्यांचं दुकान सिंधी परसरामकाकांचं. त्यांची कवळी मीच बसवलीय. काकांनी तिचा असा उपयोग काढलाय, जो कुठल्याही डेंटल कॉलेजात शिकवत नाहीत. गिऱ्हाइक भाव पाडायला लागलं की ते कवळी काढून गल्ल्यावर ठेवतात. मग काका काय बोलतात ते समोरच्याला कळत नाही, आणि घासाघीस तिथेच संपते. गिऱ्हाइकाने पाकीट काढलं की कवळी परत तोंडात.

हे न वापरता कशी राहू? पहिल्या भागात एक मायावी व्यापारी आला. कुणी खरं विचारलं की तो दात काढून टेबलावर ठेवायचा. शेवटी धगोबाने त्याला गिळून टाकला.

शोभाताईंच्या पोटात गोष्ट राहत नाही. त्यांनी काकांना सांगितलं. काकांना मराठी वाचता येत नाही, म्हणून दुकानातल्या सेल्सगर्लने फावल्या वेळात त्यांना अख्खं पुस्तक वाचून दाखवलं. एके दुपारी काका क्लिनिकमध्ये आले, दार लोटून घेतलं आणि सरळ पेशंटच्या खुर्चीत बसले. मी मनात माफीची जुळवाजुळव करत होते. पण व्हिलन केल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. दुःख वेगळंच होतं.

"साईं, मार क्यों दिया? धंदेवाला आदमी था। उसके पीछे दुकान कौन देखेगा?"

म्हटलं, काका, गोष्ट आहे ती. पण ते तसेच बसून राहिले. त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला कंपनीत लागला होता, आणि लेहेंगे विकायला परत येणार नाही असं त्याने नुकतंच सांगितलं होतं, हे मला शोभाताईंकडून नंतर कळलं.

दुसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर तो व्यापारी धगोबाच्या पोटातून खोकत बाहेर आला आणि थेट आपल्या दुकानाचं शटर उघडायला गेला. काकांना हे ऐकून इतका आनंद झाला, की त्यांनी गठ्ठाभर प्रती घेतल्या. आता त्यांच्याकडे लग्नाचा लेहेंगा घेतला की वर 'डोहातली लवंगी' भाग दुसरा फ्री मिळतो. उल्हासनगरातल्या कित्येक सिंधी नवऱ्या सासरी जाताना माझं पुस्तक घेऊन गेल्यात. ते पुढे कोण वाचतं, देव जाणे.

* * *

माझा नवरा नितीन अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर आहे. दुसऱ्या भागाचा खर्डा मी मोठ्या विश्वासाने त्याला वाचायला दिला. लवंगीचं एकटेपण त्याला भिडेल असं मला वाटत होतं. खर्डा परत आला तो लाल पेनने रंगलेला. लवंगीच्या डोक्यावर हेल्मेट नाही. गुहेत हवा खेळती नाही. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून, एवढं ज्वलनशील तेल ड्रॅगनच्या तोंडाजवळ न्यायची परवानगी कोणी दिली?

मी रागाने खर्डा ड्रॉवरमध्ये कोंबला. पण भांडी आवरताना डोक्यात तेच. खरंच की, तेलाने पेट घेतला तर? आणि तिथेच मला इतके दिवस न सापडणारा शेवट सापडला. तेल पेटतं, दाढेतली कीड जळून जाते, आणि कितीतरी वर्षांनी धगोबाच्या तोंडून पुन्हा आग निघते.

प्रकाशकांचा फोन आला, काय जबरदस्त कल्पना आहे म्हणून. मी फोन स्पीकरवर टाकला, नवऱ्यालाही ऐकू दे म्हटलं. नितीन पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "कल्पना कसली? इन्सिडेंट रिपोर्ट आहे तो."

* * *

मुलांच्या पुस्तकात मुलांसारखं बोलणं हवं. आमची तन्वी तेव्हा दहावीत होती. ती मैत्रिणींशी फोनवर बोलायला लागली की मी तिच्या खोलीबाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसायचे. एरवी मी घड्या घालत नाही, त्यामुळे तिला लगेच संशय आला.  त्या दिवसापासून दर दोन वाक्यांमागे तिच्या तोंडी एक नवा शब्द यायला लागला. काहीही भारी असलं की 'तवा'. पिक्चर तवा, सर तवा, नवीन शूज एकदम तवा.

मी खूश. तिसऱ्या भागात लवंगीची अख्खी टोळी 'तवा' म्हणू लागली. पुस्तक छापून घरी आलं, तेव्हा तन्वी सोफ्यावर लोळून हसली. असला शब्दच नाही, तिने मला फसवायला बनवला होता. मी दोन दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही.

काही महिन्यांनी तन्वी कॉलेजातून घुश्शात घरी आली. नव्या ग्रुपमधली एक मुलगी तिचे कानातले बघून म्हणाली होती, "तवा आहेत." तन्वीने सांगितलं की हा शब्द आपण शोधलाय. त्यावर सगळा ग्रुप तिला हसला. आपल्या बदलापुरात हा शब्द आधीपासूनच आहे, तुला माहीत नाही का, असं वर तिलाच समजावलं.

* * *

आमचं घर बदलापूरच्या मांजर्लीत. सासूबाई मूळच्या तिथल्याच, शेतीवाल्या जुन्या घरातल्या. उल्हास नदीचं पाणी सोसायटीत शिरलं त्या वर्षी आम्ही सगळे वरच्या मजल्यावर सामान चढवत होतो. सासूबाई मात्र जिन्यात उभ्या राहून पाण्याला दटावत होत्या. काय दटावत होत्या ते लिहिण्यासारखं नाही. पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलं, आणि त्याचं सगळं श्रेय त्यांनी घेतलं.

हा प्रसंग मी पहिल्या भागात घातला, शब्द तेवढे सौम्य करून. एका मासिकात परीक्षण आलं. परीक्षकांनी लिहिलं होतं, वृद्धेचा नदीशी संवाद हे माणूस आणि निसर्ग यांच्या दुरावलेल्या नात्याचं विलक्षण रूपक आहे. मी कौतुकाने सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी रूपक म्हणजे काय ते विचारलं. मी जमेल तसं सांगितलं.

"मी कं रूपक नाय केलं," त्या म्हणाल्या. "मी शिवी दिली."

* * *

तिसरा भाग आला त्या सुमारास बारवीच्या अंगाला एका पाड्यावरच्या शाळेने बोलावलं. मुलांसाठीच कार्यक्रम होता, पण चहा-खाऊ होता म्हणून म्हातारी माणसंही येऊन बसली होती. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं. याहून चांगली जागा कुठली, म्हणून मी रंगात आले. म्हटलं, मुलांनो, डोळे मिटा. कल्पना करा, ह्या पाण्याखाली एक गाव आहे.

मुलांनी डोळे मिटले. पुढच्या खुर्चीवरच्या एका आजोबांनी मिटले नाहीत. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला आणि सांगितलं की कल्पना कशाला करायची, आहे ना गाव. त्यांचं घर तिथेच आहे.

बाजूला उभ्या असलेल्या शिक्षिका हळूच म्हणाल्या की धरणात ह्यांचा जुना पाडा गेला, मग ही माणसं इकडे वर येऊन राहिली.  एवढी पुस्तकं लिहिली, त्या पाण्यावर इतकं बोलले, आणि हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. हातातलं पुस्तक मी मिटलं. मुलं एकेक करून डोळे उघडायला लागली.

आजोबांना माझी अडचण कळली असावी. त्यांनीच विचारलं, तुमच्या पुस्तकात आता तिथं कोण राहतं?

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण त्यांनी सरळ विचारलं होतं, म्हणून मीही सरळ सांगितलं. एक म्हातारा ड्रॅगन राहतो. त्याची दाढ दुखायची. एकटाच असतो.

आजोबांनी खिडकीबाहेर पाण्याकडे बघितलं. कुणी हसलं नाही.

"त्याला सांगा," ते म्हणाले, "मागचं दार नीट लागत नाय. जरा उचलून वढावं लागतं."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने मान डोलावली. तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळली.

"आनि चुलीपाशी झोपू नको म्हनावं," ती म्हणाली. "पावसात गलतं तिथं."