पंचमीला उकरलेली ठुशी

राहीबाईवर चोरीचा आळ आला, तवा मी झाडू घिऊन तिच्या शेजारीच हुबी हुते. सांगलीच्या नदीकाठच्या बागंत आमी दोघी झाडलोट करायचो. लढाईची वरसं ती. नागपंचमीला बायकांनी चिंचंला झोका बांधलेला. आप्पासो वकिलांची रंगुबाई झोक्यावरनं उतरली आन् गळा चाचपत किंचाळली, "माझी ठुशी!"

खाली फुगड्यांनी तुडवलेला चिखल. राही म्हनली, "इथंच पडली आसंल. उकरून बघू का, वकिलीणबाई?"

"पंचमीला माती उकरतीस? नागोबाच्या डोस्क्यात घाव घालतीस व्हय गं?"

मातीला हात लावू दिला न्हाई, पन राहीच्या लुगड्याला लावला! सगळ्या बायकांदेखत झडती घेतली मेलीनं. काय गावलं न्हाई, तर म्हनली, "गिळली आसंल चोरटीनं."

राहीचं काम गेलं. तिच्या बनूची ठरलेली सोयरीक मोडली. चोरटीची लेक कोन करून घेनार? राही रडली न्हाई. मला म्हनली, "शाले, तिचं तोंड मातीत घातल्याबिगर मी मरत न्हाई."

लढाई संपली. राहीचा भाऊ जोतीराम सफरमैना पलटणीत सुरुंग हुडकायच्या कामावर हुता. येताना लष्कराच्या लिलावातनं त्याच कामाचं एक यंत्र घिऊन आला. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला लावायचे भोंगे. जमिनीत धातू आसला की कानात शिटी वाजायची. राहीनं त्याला बागंत न्हेला. भोकाचे पैसे निघाले, एक जोडवं निघालं. चिंचंखाली मातर शिटी थांबंना. जोतीरामानं खुरप्यानं माती सारली, तर पिवळं चमाकलं.

"बुजीव," राही म्हनली.

"आगं आक्का, गावली की!"

"पंचमी येऊ दे."

मला वाटलं, बाईचं डोस्कं फिरलं.

पंचमीला झोका बांधला, बायका जमल्या, रंगुबाई नटून आली. राही भावाला घिऊन सरळ गर्दीत शिरली आन् भोंगे रंगुबाईच्या कानाला लावले. "ऐका, तुमची ठुशी वरडतीया."

"मग काढ की!"

"मी? चोरटीचा हात लागंल. तुमीच काढा."

"आज पंचमी. उद्या काढू."

"आन् रातीत कुनी न्हेली तर? परत माझीच झडती?"

रंगुबाईनं बायकांकडं बघितलं, मातीकडं बघितलं. जीव सगळा सोन्यात! बसली फतकल मारून आन् नखांनी उकराय लागली. ठुशी निघाली, चिंचंच्या बारीक मुळ्या मण्यांतनं आरपार गेलेल्या. राही खरी ठरली, हे आंधळ्यालाबी दिसलं आसतं.

पन कुनी राहीकडं बघंचना. म्हातारी आक्काताई कानावर हात ठिवून म्हनली, "पंचमीला माती उकरली गं बया!" आन् लाह्यांची वाटी उचलून चालती झाली. तिच्या मागनं एकेक करत सगळ्याच. रंगुबाई चिखलाच्या हातानं तशीच बसली.

राही वाकून म्हनली, "मला चोरटी नाव दिलं हुतं तुमी. आज तुमाला नाव मिळालं."

त्या दिवसापास्नं रंगुबाईला कुनी हळदीकुंकवाला बोलावलं न्हाई. लय बरं झालं! कुनाच्या परड्यात साप निघाला, की बायका तिच्या दाराकडं बघून बोटं मोडायच्या. राहीला बागंतलं काम परत मिळालं. कामावर जाताना नदीची वाट सोडून ती मुद्दाम त्याच दारावरनं जायची, खांद्यावर झाडू टाकून, एकदम सावकाश.