चष्मेवाल्याच्या पाटीवरचा थवा

शेजारच्या मधवाल्याविरुद्ध मी नगरपालिकेकडे आजवर सात अर्ज केले आहेत, हे प्रारंभीच नमूद करतो. म्हणजे पुढील मजकूर स्नेहापोटी लिहिला, असा आरोप माझ्यावर येणार नाही. त्याच्या माश्या माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यांवर पिवळे ठिपके टाकतात आणि माझ्याच लिंबाच्या फुलांवरून मध नेतात. एकाही अर्जाला उत्तर आले नाही. महाविद्यालयात बावीस वर्षे मालमत्तेचा कायदा शिकवून ज्याचे विभागप्रमुखपद तीनदा हुकले, त्याला याचे नवल वाटत नाही.

मधवाला पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवीत असे. बारीक अक्षरांनी त्याचे डोळे खाल्ले. छापखाना बंद पडला तेव्हा त्याने अक्षरांचे लाकडी खण घरी आणले आणि त्यांच्या तीन मधपेट्या केल्या. दोन गेल्या वर्षी कसल्याशा फवारणीने ओस पडल्या, तिसरी उरली. "ही गेली की मी पुन्हा बेकार, सर," असे तो कुंपणावरून मला ऐकवी. अकरा वर्षे त्या पेट्यांसमोर साखरेच्या पाण्याची वाटी ठेवण्याचे काम त्याच्या बायकोकडे होते आणि "माझ्या माश्या" असे म्हणण्याचे काम त्याच्याकडे.

त्या सकाळी अकराच्या सुमारास आठवा अर्ज घेऊन मी फाटकाबाहेर पडलो, तोच पेटीतून माश्यांचा लोंढा उसळला. राणीमाशी जुने घर सोडते, तेव्हा निम्मी प्रजा तिच्यामागे निघते. मागे उरलेल्या निम्म्यांवर त्याचे पोट भरणार नव्हते. मधवाला धावला, धावताना चष्मा नाकावरून निसटला आणि त्याच्याच पायाखाली चिरडला.

"सर, नजरेआड झाल्या की गेल्या, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

म्हणालो होतो. जुन्या कायदेपंडितांच्या मते मधमाशी स्वभावतः वन्य; उडालेला थवा मूळ मालकाचाच राहतो, परंतु त्याने तो डोळ्यांसमोर ठेवून पाठलाग केला तरच. नजर सुटली की थवा कोणाचाच नाही, धरील त्याचा. मी हे धमकी म्हणून सांगितले होते, याने ते पाठ केले होते.

दोरीवर कपडे घालणारी त्याची बायको ओला टॉवेल खांद्यावर टाकून आली आणि तिने त्याची कॉलर मागून धरली. "पळा. मी सांगते कुठं ते."

पुढील पाऊण तासाचे वर्णन माझ्या प्रतिष्ठेस साजेसे नाही. सायकलच्या हँडलसारखा ती त्याला वळवीत होती. "डावीकडे. अहो, डावीकडे, तो खांब आहे." पुरावा गोळा करावा म्हणून मीही चपला हातात घेऊन धावलो. आम्ही केशकर्तनालयाच्या पुढच्या दाराने शिरून मागच्या दाराने निघालो. अर्धी दाढी झालेले एक गिऱ्हाईक काही पावले आमच्याबरोबर आले. एका अनोळखी घरात जेवायला बसलेल्या कुटुंबाने, काही न विचारता, ताटे उचलून वाट दिली. मला हसू फुटले. महाविद्यालय सोडल्यापासून ते फुटले नव्हते.

थवा अखेर चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर बसला. चष्मेवाला रिकामे खोके घेऊन स्टुलावर चढलाच होता.

"पाटी माझी, भिंत माझी, माश्या माझ्या," तो म्हणाला. "जन्मभर दुकानात माश्या मारल्या. आता स्वतःहून आल्यात, तर देऊन टाकू?"

"मी पाळल्यात त्या. नजरेत ठेवून आणल्यात इथवर."

"नजरेत? तुझा नंबर मीच काढलाय. हे स्टूल तरी दिसतंय का? बरं, सर सांगतील ते मला मान्य. त्यांचे सात अर्ज आहेत तुझ्यावर."

मधवाल्याचा चेहरा पडला. मी घसा साफ केला. बावीस वर्षांत माझे मत मागितले गेल्याचा हा पहिला प्रसंग होता.

"बसण्याने मालकी येत नाही," मी म्हणालो. "ती जागेच्या मालकाला मिळती, तर माझ्या लिंबावर बसलेली प्रत्येक माशी माझी ठरती. थवा अजून ज्याच्या नजरेत आहे, त्याचा. यांनी पाठलाग केला, पण पाहिले नाही. वहिनींनी पाहिले आणि पाठलागही केला."

"ती माझ्यासाठीच बघत होती," मधवाला घाईने म्हणाला.

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्यासाठी पाहणाऱ्याची नजर त्या दुसऱ्याचीच. मी तिच्याकडे वळलो. "वहिनी, आपण कोणासाठी पाहत होतात?"

तिने टॉवेलाने तोंड पुसले. नवऱ्याकडे पाहिले, थव्याकडे पाहिले.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "अकरा वर्षं पाणी मी पाजलं. गुडघे दुखत असताना धावले मी. यांच्यासाठी कोण धावतंय?"

"मग थवा आपला," मी म्हणालो.

"उतरा भावजी, स्टूल द्या," ती चष्मेवाल्याला म्हणाली. त्याने दिले. शब्दाला जागणे त्याला मुळीच मानवले नाही, हे दिसत होते.

मधवाला अंदाजाने तिच्या दिशेने वळून म्हणाला, "अगं, मी काढू का खाली? तुला सवय नाही."

"विचारलंत ना. आता काढा."

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही पेट्या, जुनी आणि नव्या थव्याची, माझ्या दोरीपासून हलवून पलीकडच्या कोपऱ्यात ठेवल्या. सात अर्जांनी झाले नव्हते ते. "माझ्या माश्यांचे डाग, सर," इतकेच ती म्हणाली. त्यामुळे आठवा अर्ज निराधार झाला. तो मी जपून ठेवला आहे, कारण लिंबाच्या फुलांचा प्रश्न कायम आहे.

मधवाल्याने चष्मा नवा केला, तोही त्याच दुकानातून. पेटीपाशी गेला की कुंपणापलीकडून त्याचा आवाज येतो.

"अगं, उघडू का?"

"हात धुतलेत?"

आणि नळ सोडल्याचा आवाज.