पहिलीच्या वर्गाची चौकट

आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला एक सागवानी चौकट होती. तिच्यावर दरवर्षी एकच रेघ पडायची. शाळा उघडली की पहिल्या दिवशी गुरुजी वर्गातलं सगळ्यात बुटकं पोर शोधून काढायचे, त्याला चौकटीला टेकवून उभं करायचे, डोक्यावर पट्टी ठेवायचे आणि जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं रेघ ओढून बाजूला साल लिहायचे. नाव लिहीत नसत. माझ्या वर्षी ती रेघ माझी होती. मी घरी जाऊन आईला सांगितलं, सगळ्या वर्गातून माझ्या एकटीची निवड झाली. आईनं ते पाराभर, म्हणजे सगळ्या मोहल्ल्यात केलं. दोन महिने मी हुशार पोट्टी म्हणून मिरवले. मग शेजारच्या पोट्ट्यानं खरं काय ते सांगून टाकलं.

पुढं मी त्याच शाळेत पहिलीची बाई झाले आणि पेन्सिल माझ्या हातात आली. बुटकं पोर शोधताना गुरुजींना इतका वेळ काहून लागायचा, ते तेव्हा कळलं. दोघी-तिघी नेहमी बरोबरीच्या असतात आणि प्रत्येकीला वाटतं आपणच असावं.

शाळा बांधली ती विदर्भातून रायपूरला रेल्वेत आणि सरकारी नोकरीत आलेल्या आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीनं. लांबलचक बैठी इमारत, हातभर जाडीच्या चुन्याच्या भिंती, पुढं कवेलूची, म्हणजे कौलांची पडवी. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. रेल्वेची माणसं घंटा विकत घेणार कशाला. उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असली तरी वर्गात डोकं ठिकाणावर राहायचं, ते त्या भिंतींमुळे.

छत्तीसगढ राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. तेव्हाच्या त्या बाईचा फोटो माझ्याजवळ आहे. खांद्याला पर्स, पर्समध्ये अर्ज, चेहऱ्यावर असा भाव की मुख्यमंत्री हिला विचारून सही करतात. मी तिला आज रस्त्यात भेटले तर तोंड चुकवून पुढं जाईन.

सगळं शहर तेव्हा जागा शोधून राहिलं होतं. एका दवाखान्यात मंत्रालय बसलं. कुणाच्या बंगल्यात खातं, कुणाच्या गोदामात संचालनालय. आमची शाळा मोठ्या रस्त्यावर, जमीन सरकारी भाडेपट्ट्याची, आणि पट्टा संपत आलेला. तिथं बहुमजली संकुल होणार अशी बातमी आली. शाळा चालवणाऱ्या मंडळात सगळे सत्तरीचे. त्यांनी बैठक घेतली, चहा घेतला, आणि दुःख व्यक्त करून घरी गेले.

मला मात्र एक बातमी कळली. महापालिकेत माझाच एक जुना विद्यार्थी कारकून होता. तो म्हणाला, बाई, शहरातल्या जुन्या इमारतींची धरोहर सूची बनून राहिली आहे. त्या सूचीत शाळेचं नाव चढलं तर तिला कुणी हात लावू शकत नाही. नाही चढलं, तर बुलडोझर कोणत्याही दिवशी.

मी अकरा पानांचा अर्ज लिहिला. आमचे हे रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क, अर्ज वाचणं हा त्यांचा धंदाच. तीन पानं वाचून म्हणाले, "अर्ज आहे का कीर्तन? शाळा काहून वाचवायची, ते कुठं आहे यात?" मी म्हटलं, शेवटच्या पानावर. खरं म्हणजे शेवटच्या पानावरही नव्हतं.

तरी अर्ज लागू पडला. पत्र आलं की सोमवारी तीन जणांचं पथक इमारत पाहायला येईल. हातात चार दिवस होते.

आता आमच्यात कुणी पाहायला येणार म्हटलं की काय करतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मला स्वतःला तीन वेळा दाखवली होती. तिन्ही वेळा आईनं इतकी पावडर थापली की तिसऱ्या वेळी आलेल्या मुलाला वाटलं मुलगी आजारातून उठली आहे. त्याच मुलाशी माझं लग्न झालं, म्हणून ही हकिकत मला कळली. तर पाहुणे येणार म्हणजे पोपडे झाकायचे, डाग लपवायचे, पडदे बदलायचे, पोहे करायचे. शाळा दाखवायची, म्हणजे मुलगीच दाखवायची.

समता कॉलनीत रंगाचं दुकान असलेला एक माजी विद्यार्थी होता, त्यानं ऑइल पेंटचे डबे पाठवले. दुसऱ्यानं पडवीसाठी निळे पत्रे दिले. कवेलू फुटके दिसत होते, ते मी काढून टाकायला लावले. पंडरीच्या कापडबाजारातून फुलाफुलांच्या पडद्यांचं कापड मी स्वतः घासाघीस करून आणलं. भिंतींना गुलाबी रंग, दारं-खिडक्यांना चॉकलेटी. रंग मी निवडले, आणि बरं का, निवडताना दोन दिवस झोप नाही.

शाळेत एक चपराशी होता, छत्तीसगढी, सगळे त्याला कका म्हणायचे. दसऱ्याच्या आधी दरवर्षी तोच शाळा पांढरी करायचा. आठ दिवस चुना भिजत घालायचा, त्यात डिंक आणि निळीची चिमूट. पेंटरनं पहिल्या भिंतीवर गुलाबी हात मारला तेव्हा कका माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"बहिनजी, चूना के भिथिया ला पेंट झन लगवाव. साँस नइ ले पाही."

मी म्हटलं, कका, पेंट लावू नका म्हणता, पण भिंत साँस घेत नसते, आणि सोमवारी साहेब लोक येऊन राहिले. तो "हव" म्हणाला आणि झाडू घेऊन मागच्या अंगणात गेला. हव म्हणजे हो. त्या दिवशीचं त्याचं हव मी होच समजले.

पेंटर शेवटी पहिलीच्या चौकटीपाशी आला. ब्रश हातात धरून थांबला. म्हणाला, दीदी, इसमें तो ऊपर से नीचे तक लाइन-लाइन है, क्या करूँ? मी पाहिलं. खरंच, एकीवर एक जांभळ्या रेघा, काही पुसट, काही तिरप्या, बाजूला साल. चाळीतल्या घाणेरड्या भिंतीसारखं दिसत होतं. साहेब म्हणतील, इथं पोरं दरवाज्यावर लिहितात आणि बाया पाहत बसतात. मला पर्सवाल्या त्या बाईचं वाक्य शब्द न् शब्द आठवतं, कारण ते मी अनेकदा गिळून पाहिलं आहे.

"मार दो भैया. दो हाथ मारना."

त्यानं दोन हात मारले.

सोमवारी रांगोळी होती, आंब्याचं तोरण होतं, पोहे-जिलबी होती. तिघं आले. त्यातले दोघं पोहे खात होते, बोलणारा एकच, चष्म्यातला, पुरातत्त्वाचा. तो फार हळू चालायचा. प्रत्येक भिंतीवर हात फिरवायचा आणि हात नाकाशी न्यायचा. पडवीत त्यानं मान वर करून निळ्या पत्र्याकडे पाहिलं आणि बराच वेळ खाली केली नाही.

"मैडम, ये तो बिलकुल नया लग रहा है."

मी लाजले. अगदी खरं सांगते, लाजले. म्हटलं, "चार दिन में करवाया जी सब."

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माझं नाव लिहीत असेल.

मग त्यानं विचारलं, इमारतीच्या जुनेपणाचं काही आहे का, शिलालेख, नकाशा, जुनी रजिस्टरं. नकाशा कधी नव्हता. रजिस्टरं उधळीनं, वाळवीनं खाल्लेली. पण मी घाबरले नाही, कारण मला उत्तर येत होतं. म्हटलं, है न साहब, असली सबूत है, हर साल का है, चलिए. आणि वर्गात पहिला नंबर आलेल्या पोरीसारखी मी त्यांच्या पुढं निघाले. पडवीतून, पहिलीच्या वर्गापाशी. चौकटीकडे हात केला. हात तसाच वर राहिला.

साहेबांनी चौकटीला बोट लावून पाहिलं. रंग ओला होता, बोट चॉकलेटी झालं. ककानं न सांगता घासलेटाचं फडकं आणून दिलं. बोट पुसता पुसता साहेब म्हणाले, आणि फार नरमाईनं म्हणाले, म्हणून मला ते जास्त लागलं:

"मैडम, मैं तो वही लिखूँगा न, जो मुझे दिखेगा."

जाताना त्यांनी समोरच्या मैदानातून शाळेचा एक फोटो काढला, फाइलीत लावायला. मी बाजूला उभी राहायला गेले. ते म्हणाले, मैडम, ज़रा हट जाइए, बिल्डिंग पूरी आनी चाहिए.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कका आणि मी चौकटीपाशी बसलो. माझ्याजवळ भाजीची बोथट सुरी, त्याच्याजवळ घासलेट. मला वाटलं रंगाखाली रेघा असतीलच, जाणार कुठं. रंग अजून पुरता सुकला नव्हता, पापुद्रे निघत गेले. पण पापुद्रा निघाला की खाली कोरं लाकूड. पापुद्रा उलटा करून पाहिला तर त्याच्या मागच्या अंगाला जांभळं. रेघ लाकूड सोडून रंगाला चिकटून येत होती. मी आणखी हळू खरवडू लागले. तेही तसंच. कमरेच्या वर, जिथं माझी रेघ असावी, तिथं मी नखानं प्रयत्न केला. तिथलं साल उलटं होऊन माझ्या बोटाला लागलं आणि पुसलं गेलं.

ककानं माझ्या हातातून सुरी काढून घेतली. म्हणाला, "अब रहन दे, बहिनजी."

मी दोन-चार पापुद्रे रुमालात बांधून घरी आणले. ह्यांनी रुमाल उघडून पाहिला. मला वाटलं आता काहीतरी खवचट बोलतील. ते उठले आणि स्वतः चहा ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा मला कळलं की शाळा गेली.

पण त्या बाईला हे कळूनही कळत नव्हतं. तिनं फेरतपासणीचा अर्ज केला, मग त्या अर्जाचं काय झालं म्हणून अर्ज केला. खिडकीवरचे लोक सांगायचे, फाइल चल रही है. मी म्हणायचे, माझ्यापेक्षा हळू चालून राहिली का? ते हसायचे आणि खिडकी बंद करायचे. चष्म्यातल्या साहेबांची बदली झाली. मग मंत्रालयच दवाखान्यातून उठून नव्या शहरात गेलं, पार माळरानापलीकडे. मी तिथं बसनं जायचे. रस्ते असे रुंद की पलीकडे पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी व्हायची. एकदा एका पोरसवदा अधिकाऱ्यानं फाइल खरंच काढली. साहेबांचा शेरा होता, एका ओळीचा: इमारतीत जुनं काही दिसून आलं नाही. खाली फोटो. त्यात काही खोटं नव्हतं. मी त्याला धन्यवाद म्हणून बाहेर आले.

सूची छापून आली. शाळा तिच्यात नव्हती. पोरं तशीही कमी होत चालली होती. घरात मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात, त्यांना मराठी शाळेत कोण घालणार. राहिलेली पोरं भाड्याच्या दोन खोल्यांत गेली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत इमारत पाडली. मी पाहायला गेले. भिंती सहज पडल्या नाहीत. गुलाबी रंगाखाली त्या ओल धरून फुगल्या होत्या, पोपडे धरले होते, पण आतून चुना पांढराशुभ्र होता. चौकट मला विकत हवी होती. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, अम्मा, लकड़ी तो कल ही उठ गई.

कका तेव्हा निवृत्त होऊन अभनपूरकडच्या आपल्या गावी राहत होता. मी त्याला सांगायला गेले. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं, आणि एकच विचारलं: अऊ चौकट? मी सांगितलं. तो हव म्हणाला.

मागच्या महिन्यात नात मला स्कूटीवर घेऊन त्या रस्त्यानं निघाली. संकुलाच्या कंपाउंडच्या भिंतीवर महापालिकेनं चित्रं काढून घेतली आहेत, शहराच्या वारशाची. तलाव, देवळं, आणि शेवटी आमची शाळा. मी स्कूटी थांबवायला लावली. गुलाबी भिंती, चॉकलेटी दारं, निळा पत्रा. खिडक्यांत पंडरीचे फुलाफुलांचे पडदेसुद्धा. चित्रकाराला कुठून तरी फाइलीतला तो एकच फोटो मिळाला असणार. दुसरा होताच कुठं.

नात म्हणाली, "आजी, कितना क्यूट स्कूल था. कलर किसने चूज़ किए थे?"

"मीच."

"मस्त टेस्ट है आपका."

तिनं मोबाइल काढला, म्हणाली, वहाँ दरवाज़े के पास खड़े हो जाओ, फोटो लेती हूँ. मी पहिलीच्या वर्गाच्या दारापाशी जाऊन भिंतीला पाठ लावली. चित्रकारानं दार लहान काढलं होतं. माझं डोकं थेट वरच्या चौकटीला लागलं.

"आजी, सीधे खड़े रहो," ती म्हणाली. "हिलना मत."